'तुम्ही' म्हणजे नेमके किती जण?
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका लहानशा शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा आपल्या तोंडी येतो आणि त्यात काही अवघड आहे असं कधी वाटत नाही. तो शब्द म्हणजे 'तुम्ही'. पण याच शब्दापायी आमच्या घरात एकदा दोन वर्षांचा अबोला झाला होता. तिथूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही नागपुरात महालात राहायचो. काटोलकडचे एक काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, मुलीच्या लग्नाचं सांगायला आले. पत्रिका अजून छापून यायच्या होत्या, म्हणून तोंडीच आवतन. आई आत चहा करत होती. ओसरीवर बसून काका वडिलांना म्हणाले, "दादा, लग्नाले या बरं तुमी. वाट पाह्यतो." चहा झाला आणि काका पुढच्या घरी गेले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय. तुम्ही जाऊन या." वडिलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ते एकटेच गेले. तिकडे काकू दारात उभ्या. त्यांनी विचारलं, "वहिनी कुठी हाय? पोरं?" वडिलांकडे उत्तर नव्हतं. काकूंनी त्याचा अर्थ असा लावला की शहरातल्या वहिनीला आमच्या घरचं लग्न कमी वाटलं. इकडे आईच्या मनात राहिलं, की दारापर्यंत येऊनही आपल्याला कुणी बोलावलं नाही. दोन वर्षं जाणं-येणं बंद.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. सर्वनामं शिकवताना हा प्रसंग मला नेहमी आठवायचा. कारण व्याकरणाच्या दृष्टीनं दोघीही बरोबर होत्या. काकांच्या मनातलं 'तुम्ही' अनेकवचनी होतं. आईनं ऐकलेलं 'तुम्ही' आदरार्थी एकवचनी होतं. शब्द एकच, क्रियापदही एकच. 'या' हे क्रियापद एका वडीलधाऱ्या माणसालाही चालतं आणि पन्नास माणसांच्या वऱ्हाडालाही.

असं का झालं? शाळेत संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल: त्वम्, युवाम्, यूयम्. तू, तुम्ही दोघं, तुम्ही सगळे. संस्कृतात समोर किती माणसं आहेत हे सर्वनामावरूनच कळायचं. प्राकृतात आल्यावर द्विवचन गेलं. 'तुम्हे' हे अनेकवचन राहिलं आणि त्याचंच पुढे आपलं 'तुम्ही' झालं. म्हणजे मुळात 'तुम्ही' हा अनेकांचाच शब्द. पण एकट्या माणसाला मान द्यायचा तर त्याला अनेकांसारखं संबोधायचं, ही रीत आपल्याकडे रूढ झाली. सासऱ्यांना तुम्ही, गुरुजींना तुम्ही, अनोळखी माणसाला तुम्ही. मान वाढला, पण मोजदाद गेली.

ही अडचण एकट्या मराठीची आहे असं समजू नका. माझी एक भाची बरीच वर्षं अमेरिकेत अटलांटा शहरात राहते. ती पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, "यॉल जेवायला या." ती गोंधळली. हा शब्द तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात नव्हता. नंतर तिला उलगडा झाला, की 'यू ऑल'चं ते झालंय 'यॉल', म्हणजे तुम्ही सगळे. नवरा, मुलं, पाहुणी आलेली आई, सगळ्यांना आमंत्रण होतं. मला फोनवर हे सांगताना ती म्हणाली, "मामा, आपल्या आजीला हाच शब्द हवा होता."

इंग्रजीची गोष्ट आपल्यापेक्षा एक पाऊल पुढची आहे. इंग्रजीत पूर्वी 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यी' किंवा 'यू' म्हणजे तुम्ही, असा भेद होता. तिथेही मानासाठी एकट्या माणसाला 'यू' म्हणायला लागले. हळूहळू तो मान सगळ्यांनाच मिळू लागला आणि सतराव्या शतकात नेहमीच्या बोलण्यातून 'दाऊ' मागे पडत गेलं. क्वेकर पंथाच्या लोकांनी ते बराच काळ धरून ठेवलं, कारण देवापुढे सगळे सारखे, मग एकाला मोठं का म्हणायचं, असा त्यांचा विचार. बाकी सगळीकडे फक्त 'यू' उरलं. आपल्याकडे निदान 'तू' शिल्लक आहे. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोन्ही एकाच शब्दात कोंबले गेले.

मग अमेरिकेतल्या लोकांनी आपापल्या भागात आपापली सोय केली. दक्षिणेकडे 'यॉल'. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडे 'यूज'. पिट्सबर्गमध्ये 'यिन्झ'. हा 'यू वन्स'चा घासून गुळगुळीत झालेला शब्द. स्कॉटलंडमधून आयर्लंडमार्गे येऊन वसलेल्या लोकांनी तो सोबत आणला. पिट्सबर्गच्या अस्सल माणसाला या शब्दावरून 'यिन्झर'च म्हणतात. उत्तरेत आणि पश्चिमेत 'यू गाईज' चालतं. त्यातल्या 'गाय'ची कुळकथाही गमतीची आहे. १६०५ साली लंडनमध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्यात गाय फॉक्स नावाचा माणूस पकडला गेला. त्याचा पुतळा दरवर्षी जाळू लागले. त्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले, मग बावळट वेशातल्या माणसाला, आणि अमेरिकेत कुठल्याही माणसाला. आज तिथे चार मैत्रिणींनाही 'यू गाईज' म्हटलं जातं.

शाळेतल्या बाईंनी हे शब्द गावंढळ ठरवले, तरी लोकांनी ते सोडले नाहीत. २०१३ च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एक प्रश्नमंजूषा दिली. तुम्ही कुठल्या गोष्टीला काय म्हणता ते सांगा, आम्ही तुमचं गाव ओळखतो, असा तो प्रकार. अनेकांना हाक मारताना कुठला शब्द वापरता, हा त्यातलाच एक प्रश्न. ती प्रश्नमंजूषा प्रचंड लोकप्रिय झाली. कारण हा शब्द सांगितला की माणसाचं गाव कळतं.

आता नागपूरला परत येऊ. 'तुम्ही' अपुरं पडतं तेव्हा आपण काय करतो?

एक तर आपण आकडा जोडतो, आणि इथे मराठी मोठी श्रीमंत आहे. तुम्ही दोघे, तुम्ही दोघी, तुम्ही दोघं. दोन पुरुष असतील तर दोघे, दोन बायका असतील तर दोघी, नवरा-बायको असतील तर दोघं. तिघे, तिघी, तिघं. चौघे, चौघी, चौघं. संस्कृतचं द्विवचन गेलं खरं, पण या 'दोघां'च्या रूपानं मराठीनं आपली सोय करून घेतली. काटोलच्या काकांनी नुसतं 'तुमी दोघं' म्हटलं असतं, तरी आई गेली असती.

दुसरा शब्द 'मंडळी'. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, काय मंडळी, कसं काय? आणि तिसरी सोय म्हणजे हाक. मुलांनो, बायांनो, मित्रांनो. हा 'नो' अनेकांचाच. तो एकट्या माणसाला कधीच लागत नाही. वडील कितीही मोठे असले तरी त्यांना कुणी 'बाबांनो' म्हणत नाही. म्हणजे सर्वनामात हरवलेली मोजदाद हाकेत शिल्लक आहे.

'नो'चा एक जुना भाऊ आहे, 'हो'. मी सुरुवातीला 'श्रोतेहो' म्हणालो, तो हा 'हो'. सज्जनहो, जनहो, रसिकहो. आज तो भाषणापुरता आणि रेडिओपुरता उरलाय असं पुस्तकी माणसाला वाटतं. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी अपभ्रंश भाषेचं व्याकरण लिहिलं. अनेकांना हाक मारताना 'हो' लावायचा, असा नियम त्यांनी त्यात नोंदवला आहे. आणि आमच्या विदर्भात? भर दुपारी आंब्यावर दगड मारणाऱ्या पोरांना आजी ओरडते, "अरे पोट्टेहो, उतरा खाली!" हाच तो 'हो'. व्याख्यानाच्या मंचावरच्या 'सज्जनहो'ला आपण प्रौढ म्हणतो आणि 'पोट्टेहो'ला अडाणी म्हणतो. घराणं मात्र दोघांचं एकच, आणि ते चांगलं आठ-नऊशे वर्षांचं.

आता नागपूरच्या खास शब्दाकडे वळतो. तो म्हणजे 'तुम्ही लोक'. "तुम्ही लोक कधी आले?" "आम्ही लोक उद्या निघतो." पुण्याहून आलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. नोकरीतली पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतः निबंधाच्या वह्यांत 'लोक'खाली लाल रेघ मारत होतो. समासात लिहायचो, 'हिंदी वळण'.

वळण हिंदीचंच आहे, यात शंका नाही. हिंदीत 'तुम' आणि 'आप' दोन्ही एकालाही चालतात आणि अनेकांनाही. म्हणून 'तुम लोग', 'आप लोग'. उत्तरेकडे कित्येक ठिकाणी एकटा माणूस स्वतःलाही 'हम' म्हणतो. म्हणून सगळे मिळून म्हणायचं तर 'हम लोग'. १९८४ साली दूरदर्शनवर याच नावाची मालिका आली आणि हा शब्दप्रयोग घराघरात पोहोचला. पण नागपूरला त्यासाठी मालिकेची गरज नव्हती. १८६१ साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. जबलपूर, रायपूर, बिलासपूरची माणसं कामाला, कोर्टाला, शिक्षणाला इथेच यायची. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होतं. महाराष्ट्र राज्य त्यानंतर चार वर्षांनी, १९६० मध्ये झालं. बर्डीवर दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी हिंदीत बोलतो, आणि अर्धं वाक्य एकातून दुसऱ्यात नेतो. अशा बाजारात 'तुम लोग'चं 'तुम्ही लोक' झालं नसतं तरच नवल.

माझी लाल रेघ थांबली ती एका विद्यार्थिनीमुळे. तिनं उभं राहून विचारलं, "सर, मग हेडसरांना एकट्याला म्हणताना तुम्ही, आणि सगळ्या सरांना म्हणताना पण तुम्हीच? मग त्यांना कळणार कसं?" मी म्हणालो, संदर्भावरून. ती बसली, पण माझ्या डोळ्यांपुढे काटोलच्या काकू उभ्या राहिल्या. त्यांनाही संदर्भावरूनच कळायला हवं होतं.

'लोक' या शब्दात एक काटाही आहे, तो लपवून चालणार नाही. "तुम्ही लोक जेवूनच जा" यात माया आहे. "तुम्ही लोक असेच!" यात कुंपण आहे. इकडे मी आणि तिकडे तुमची सगळी जमात, असा त्याचा अर्थ होतो. सासरचे विरुद्ध माहेरचे, विदर्भातले विरुद्ध पुण्या-मुंबईकडचे, ही जात विरुद्ध ती जात. भांडणात 'तू' म्हटलं तर एका माणसाला लागतं, 'तुम्ही लोक' म्हटलं की त्याच्या घराला, गावाला, समाजाला लागतं. अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रॉस पेरो नावाचे उद्योगपती अपक्ष म्हणून उभे होते. कृष्णवर्णीयांच्या एका मोठ्या संघटनेच्या अधिवेशनात बोलताना ते समोरच्यांना 'तुम्ही लोक' म्हणून गेले. भाषणातल्या बाकी मुद्द्यांपेक्षा याच दोन शब्दांची चर्चा झाली. त्यांच्या मनात काही वाईट असेल-नसेल, पण ऐकणाऱ्यांना कुंपण दिसलं.

म्हणजे अनेकांना उद्देशून बोलताना ऐकणारा माणूस मनात एक हिशेब करतच असतो: यात मी आहे की नाही? आणि असलो तर कुठल्या बाजूला? या बाबतीत मराठीकडे एक असं हत्यार आहे, जे हिंदीकडे नाही आणि इंग्रजीकडेही नाही. ते म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक. 'आम्ही जेवायला जातो' म्हणजे तुम्ही घरी थांबा. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे चप्पल घाला. इंग्रजी 'वुई' किंवा हिंदी 'हम' यांना हा भेद दाखवता येत नाही. तेलुगूत मात्र तो आहे. समोरच्याला धरून 'मनम' आणि त्याला वगळून 'मेमु'. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याला ही तेलुगू आजही घराघरात बोलली जाते. द्रविड भाषांच्या शेजारामुळे हा भेद मराठीत रुजला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'आपण' हा शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'वरून आलेला, म्हणजे 'स्वतः' या अर्थाचा. तो समोरच्याला पोटात घेणारा झाला आणि पुढे 'आपण बसावं' असा मानाचाही झाला.

या भेदाची किंमत मला आमच्या शेजारी कळली. शेजाऱ्यांची सून लखनऊची. मुलगी हुशार, वर्षभरात छान मराठी बोलायला शिकली. सासरे निवृत्त, सासूबाई नुकत्याच वारलेल्या. दिवाळीच्या आधी ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, यंदा आम्ही पचमढीला जाणार, चार दिवस." बाबा "बरं" म्हणाले आणि संध्याकाळी माझ्याकडे आले. विचारू लागले, "जवळपास चार दिवसांसाठी कुणी डबा देईल का हो?" मीच त्या डब्याची चौकशी करत फिरत होतो. दोन दिवसांनी सुनेच्या कानावर गेलं. ती धावत आली, हातात बुकिंगचा कागद. त्यावर चार नावं होती आणि पहिलं नाव बाबांचं. ती रडत म्हणाली, "बाबा, हम सब! मी तर हम सब म्हटलं होतं!" तिनं मनातल्या 'हम'चं प्रामाणिक भाषांतर केलं होतं. तिला 'आपण' हवं होतं आणि तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. गंमत म्हणजे आमच्या नागपुरी हिंदीत हा शब्द कधीचाच येऊन बसला आहे. "चल, अपन चलते हैं" असं इथला हिंदी बोलणारा सहज म्हणतो. म्हणजे आपण हिंदीकडून 'लोक' घेतलं आणि इथल्या हिंदीतही 'अपन' नांदतं. माझ्या मते सौदा वाईट नाही.

शेवटी काटोलची गोष्ट पुरी करतो. दोन वर्षांनी त्याच घरी दुसऱ्या मुलीचं लग्न निघालं. या वेळी काकू स्वतः आल्या. ओसरीवर थांबल्या नाहीत, थेट आत स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला म्हणाल्या, "वैनी, चूलबंद आवतन हाय बरं." आपल्याकडच्या गावांत हा शब्द सगळ्यांना माहीत असायचा. 'घरटी एक' म्हटलं की घरातून एकानं यायचं. 'चूलबंद' म्हटलं की त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारी माणसं, पाळण्यातलं पोर, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. त्यात तू नाही, तुम्ही नाही, कुठलंच सर्वनाम नाही. त्यामुळे गैरसमजाला जागाच नाही. आईनं पदर डोळ्यांना लावला, एवढं मला आठवतं. आम्ही सगळे गेलो.

आता चुली गेल्या, आमंत्रणं मोबाईलवर येतात. 'तुम्ही नक्की या' असा निरोप येतो आणि घरातली चार माणसं एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. कुणाला बोलावताना, काही विचारताना, निरोप देताना एक शब्द जास्त खर्च करा. तुम्ही दोघं या. तुम्ही सगळे या. आईला घेऊन या. नागपूरकर असाल तर खुशाल 'तुम्ही लोक या' म्हणा, मी आता लाल रेघ मारत नाही. आणि घरात नवी आलेली सून असो, जावई असो, त्यांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा.

ध्वनिमुद्रणाआधी मला इथे सांगितलं गेलं, की रेडिओवर गर्दीपुढे बोलल्यासारखं बोलू नका, एका माणसाशी बोलल्यासारखं बोला. मी तसा प्रयत्न केला. पण कुणी स्वयंपाक करताना ऐकत असेल, कुणी गाडीत, आणि बाजूला आणखी कुणी बसलं असेल. म्हणून निरोप घेताना 'श्रोतेहो'च म्हणतो. त्यात तुम्ही आहात, आणि तुमच्या शेजारी बसून ऐकणारेही आहेत.

नमस्कार.